ग्लासाला अहो म्हणणारा माणूस

काका ग्लासाला अहो म्हणत.

"जरा इकडे वळा. हां. आता हलू नका."

स्टुडिओतल्या पहिल्या सकाळी हे ऐकून मी खरोखर वळले आणि श्वास रोखून उभी राहिले. काकांनी कॅमेऱ्यामागून मान वर काढली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही नाही. हे." 'हे' म्हणजे टेबलावरचा ग्लास. त्यात मी बनवलेलं जिन आणि आल्याचं एक कॉकटेल होतं, वर पुदिन्याचं पान. काकांनी बोटाच्या टोकाने ग्लास जरासा फिरवला, "माफ करा" असं पुटपुटले आणि फोटो घेतला.

मी हसले नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मुंबईतल्या एका हॉटेलात मी बारमागे काम करत होते. ते हॉटेल बंद पडलं तेव्हा पनवेलजवळ विचुंब्याला आईकडे येऊन राहिले आणि नवीन नोकरी शोधत होते. हॉटेलात येणाऱ्या एक बाई कॉकटेलच्या कृतींचं पुस्तक लिहीत होत्या. कोकम, करवंद, जांभूळ, बिंबल असलं कोकणातलं सगळं घालून केलेली कॉकटेलं. त्यांचा फोन आला. "तू पनवेलची ना? फोटोग्राफर पनवेलमध्येच मिळालाय, पुराना आदमी है, पण ग्लास काय शूट करतो! तू फक्त ड्रिंक्स बनव." तसं माझं काम ठरलं. पुस्तकातलं एकेक ड्रिंक करायचं, सजवायचं, आणि फोटो होईपर्यंत त्याला मरू द्यायचं नाही. आमच्यात तसंच म्हणतात. फेस बसला, बर्फ वितळला, पान काळं पडलं की ड्रिंक मेलं.

हा शब्द मी काकांसमोर एकदाच वापरला. "काका, हे मेलं, दुसरं करते."

"मेलं म्हणू नका," ते म्हणाले. "दमलं म्हणा."

साठी ओलांडलेले, उंच, खांद्यात वाकलेले. पांढरा सदरा, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, पाय कायम अनवाणी. लग्न केलेलं नव्हतं. उरण नाक्याच्या बाजूला एका भांड्यांच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता आणि मागच्या खोलीत ते राहत. एके काळी तिथे बारशी, साखरपुडे, पासपोर्टचे फोटो असं सगळं चालायचं. मी गेले तेव्हा भिंतीवर यातलं काहीही नव्हतं. मोठी उत्तरेची खिडकी, तिच्यासमोर टेबल, टेबलासमोर कॅमेरा. काका फक्त पेयांचे फोटो काढायचे. सरबतं, लस्सी, हॉटेलांची मेनू कार्डं, आणि आता हे पुस्तक. दारू त्यांनी आयुष्यात तोंडाला लावली नव्हती, पण प्रत्येक ग्लास काढताना मला विचारत, "हे कोण पितं?" मी म्हणायची, कुणीही पिईल. त्यावर ते समाधानी नसत. "नाही, कुणीतरी असेल ना. संध्याकाळी दमून आलेला, की भांडून आलेला?" मग मला काहीतरी सांगावं लागायचं. भांडून आलेला, असं म्हटलं की ते ग्लास टेबलाच्या कडेला नेऊन ठेवत.

ग्लास पुसायची त्यांची एक पद्धत होती. जुन्या धोतराचं मऊ फडकं घेऊन ते वरून खाली एकाच दिशेने पुसत, डाव्या हाताने ग्लास मागून आधार देऊन. बाकीचे फोटोग्राफर ग्लासावर दवाचे थेंब दिसावेत म्हणून ग्लिसरीन फवारतात. काकांना ते चालत नसे. आणि एकदा फोटो काढला की ते ड्रिंक कुणी प्यायचं नाही. स्वतः मोरीत नेऊन हळू ओतत, वर तांब्याभर पाणी सोडत. एकदा पुस्तकाच्या मॅडम आल्या होत्या. फोटो झाल्या झाल्या त्यांनी ग्लास उचलला आणि घोट घेतला, "अरे, इतकं छान झालंय, वेस्ट का करायचं!" काकांनी त्या दिवशीचं काम तिथेच थांबवलं, कॅमेऱ्यावर कापड टाकलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. मॅडमनी मला खुणेने विचारलं, काय झालं? मला काय माहीत.

स्वतः ते पाणी स्टीलच्या फुलपात्रातून प्यायचे, चहासुद्धा. दिवसभर काचेत वावरणाऱ्या माणसाच्या घरात काचेचा एकही पेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "पिताना आरपार दिसू नये."

आणखी एक होतं. टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये दोन माणसं सहज उभी राहतील एवढी जागा होती. तिथून काका कधी जात नसत. पडदा सरकवायचा असला तर लांब काठीने सरकवत. एकदा माझ्या हातातून लिंबू निसटलं आणि गडगडत तिकडे गेलं. मी उचलायला निघाले तर ते खुर्चीतून उठलेच.

"तिकडून नको."

"उजेड अडतो का?"

"उजेड नाही अडत," ते म्हणाले, आणि मला दुसरं लिंबू आणून दिलं. ते पहिलं लिंबू दुसऱ्या दिवशी बघते तो टेबलाच्या माझ्या बाजूला होतं. काकांनी उचलून ठेवलं असेल असं मी मनाला सांगितलं. विचारलं मात्र नाही.

एवढं सगळं असूनही मला त्यांची भीती वाटत नव्हती. आवाज खालचा, वागणं मऊ. दुपारी उजेड फिरला की काम संपायचं. मग ते मला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढत, माझ्या आईची चौकशी करत. त्यांच्या तोंडी एक वाक्य सारखं असे. फोटो नीट आला की नाही हे ठरवताना ते छान, सुंदर असलं काही म्हणत नसत. "ओळखू आलं पाहिजे," म्हणत. मी समजायची, कोकम कोकम वाटलं पाहिजे, असं त्यांना म्हणायचं असेल.

मग कोकमाच्या ड्रिंकचा दिवस आला.

ते मॅडमचं सगळ्यांत आवडतं होतं. कोकमाचा घट्ट रस, आगळ, फडक्यातून गाळून गाळून मी असं केलं होतं की त्यात गाळाचा कण राहू नये, नुसता लाल काचेसारखा रंग. त्यात व्होडका, किंचित लिंबू. बर्फ नाही, पान नाही. दांडीचा, गोल पोटाचा ग्लास. अशा ग्लासात स्वच्छ पेय भरलं की तो भिंगासारखा होतो. पलीकडचं सगळं त्यात उलटं दिसतं, खालचं वर, डावं उजवीकडे. त्यामुळे ग्लासाच्या पोटात अख्खी खिडकी उलटी लटकली होती, आभाळ तळाला, चौकट वर. मी झुकून डोळ्यांनी पाहिलं. बाकी काही नव्हतं.

काकांनी फोटो घेतला. कॅमेरा लॅपटॉपला जोडलेला होता, फोटो पडद्यावर उमटला. तो मी मोठा करून पाहिला, कडेला कुठे ठसा राहिलाय का बघायला.

ग्लासात खिडकीच्या अलीकडे एक बाई उभी होती. उलटी. डोकं ग्लासाच्या दांडीकडे, पाय वर. काठाची साडी, अंगाला चिकटलेली. केस गालांवरून दोन्ही बाजूंना ओले उतरलेले. चेहरा स्वच्छ दिसत होता.

मी टेबलाकडे पाहिलं. टेबलामागे पाहिलं. तिथे खिडकीतून पडलेला उजेड होता, बाकी काही नाही. खिडकीखाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, ते ऐकू येत होतं. सकाळ होती, साधी लख्ख सकाळ.

"काका," मी म्हटलं.

ते आले, चष्मा वर केला, पडद्याजवळ वाकले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "तुम्हालाही दिसते?"

"दिसते."

त्यांनी तोंडावर हात घेतला आणि खाली बसले, जमिनीवरच. मला वाटलं त्यांना काही होतंय. पण ते रडत होते. "इतकी वर्षं," ते म्हणाले, "मला वाटायचं माझ्या डोळ्यांत दोष आहे."

मग उठून त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला आणि तसाच धरून बराच वेळ पाहत राहिले. "हीच," म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी स्टुडिओ चालवताना पोलिसांकडून बोलावणं यायचं. हायवेवरचे अपघात, खाडीत बुडालेले, रुळांवरचे. बेवारस मृतदेहाचा फोटो लागायचा, कुणी ओळख पटवायला यावं म्हणून. हे काम ते नवीनच करायला लागले होते तेव्हा गाढी नदीचा पूर उतरल्यावर काठच्या झुडपांत एक बाई सापडली.

"चेहरा चिखलाने भरलेला होता," काका म्हणाले. "मी पाणी मागवलं. धुतला. केस मागे घेतले. म्हटलं, कुणाच्या तरी घरची असेल, ओळखू आली पाहिजे. आणि कॅमेरा डोळ्याला लावून म्हणालो, जरा इकडे वळा. आदल्या दिवशी लग्नाचे फोटो काढले होते ना, तोंडातून निघून गेलं. हवालदार हसला. मला तिच्यासमोर फार लाज वाटली."

फोटो पेपरात आला तो काळ्या डागासारखा. त्यात काही ओळखू येण्यासारखं नव्हतं. कुणी आलं नाही. पालिकेच्या माणसांनी अग्नी दिला तेव्हा काका एकटे उभे होते. मग पुष्कळ वर्षांनी एका हॉटेलवाल्याने मेनू कार्डासाठी सरबतांचे फोटो काढायला सांगितले, आणि कॅमेऱ्यातून पाहिलं तर ग्लासात ती. फोटोत आली नाही. फक्त बघताना दिसायची, तीही पाण्यासारख्या आरपार पेयातच. काकांनी लग्नं सोडली, बारशी सोडली.

"भीती नाही वाटली?"

"सुरुवातीला वाटली. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती हो. माझ्या मागे बघायची. कुणी घ्यायला आलंय का, तसं."

मी तेव्हा मागे वळून पाहिलं. जिना होता, नेहमीचा.

त्या दिवसानंतर मी काम सोडून जावं असं आईचं म्हणणं होतं. तिला मी सगळं सांगितलं होतं. मी गेले नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. फोटो निघाल्यावर काका आनंदात होते आणि त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं, एवढंच.

मॅडमना फोटो पाठवले तेव्हा त्यांचा फोन आला. "कोकमवाल्यात पाठीमागे कोण आलंय? तू उभी होतीस का? काढून टाकायला सांग ना." एरवी काका सांगाल ते काढून द्यायचे, डाग, धूळ, भिंतीवरची भेग. या वेळी त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तो फोटो गेला तर असाच जाईल," ते म्हणाले. "नाहीतर सगळेच परत घेतो." मॅडम चिडल्या. मग पुस्तकाची मांडणी करणाऱ्याला तो फोटो आवडला, जरा गूढ वाटतो म्हणाला, आणि तसाच छापला गेला. पानभर मोठा.

पुस्तक आलं, काकांनी पाहिलं, आणि वाट बघायला लागले. जिन्यावर पाऊल वाजलं की कॅमेरा सोडून उठत. मी मधूनमधून त्यांच्याकडे कामाला जातच होते. मला त्यांची कीव यायची. दारूच्या कृतींचं महागडं पुस्तक ते, उलट्या बाईला त्यात कोण ओळखणार?

एका सकाळी एक माणूस जिना चढून आला. पन्नाशीच्या पुढचा, सावळा, इस्त्रीचा नवा शर्ट, हातात कापडी पिशवी.

"फोटो काढनारे तुमीच का? पुस्तकात नाव हाय. पनवेलमदी विचारत विचारत आलो."

काका उठून उभे राहिले.

"मी उरनचा. तिकडं एका हॉटेलात बारच्या कौंटरला हाय." त्याने पिशवीतून पुस्तक काढलं आणि कोकमाचं पान उघडलं. "मालकानं आनलंय हे. गिऱ्हाईक पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवतं, हे बनव बोलतं. त्याला सुलटं, मला उलटं. तवा दिसली मला."

"कोण?" मी विचारलं.

"माझी बाय. थोरली भैन." तो हसत होता. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "कुठं हाय ती? इथं कामाला येते का? मी लहान व्हतो तवा बाशी भांडून गेली घरातनं. बा बोलला, तिचं नाव घ्यायचं नाय या घरात. आय मरस्तोवर दाराकडं तोंड करून बसायची. आमाला वाटलं मुंबयला गेली, आमाला इसरली." त्याने पिशवीत हात घातला आणि दुकानाच्या खोक्यातली साडी काढून टेबलावर ठेवली. "रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हून आनली."

मला त्या साडीकडे बघवेना.

"जराबी बदलली नाय बघा," तो फोटोकडे बघत म्हणाला. "व्हती तशीच..."

आणि थांबला. त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे त्या पानावर फिरायला लागले, काहीतरी मोजत असल्यासारखे. मग त्याने स्वतःच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"ती तर आता म्हातारी असंल," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा मोठी ती."

"नाव काय त्यांचं?" काकांनी विचारलं.

"सुगंधा."

काकांनी ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं. मग त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं, स्वतः त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पूर, झुडपं, पाणी मागवून धुतलेला चेहरा, पेपरातला काळा डाग. आपण अग्नीजवळ होतो, हेही सांगितलं. काही गाळलं नाही, काही सावरलं नाही. तो मधे एकदाच बोलला. "एकटी व्हती का?" काका म्हणाले, "मी होतो."

मग त्याने पुस्तकावर बोट ठेवलं. "मंग ही इथं कशी आली?"

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "मी बोलावलं नव्हतं."

त्याने यापुढे विचारलं नाही. काकांनी कपाटातून तो नदीवरचा जुना फोटो आणला, आणि कोकमाचा मोठा छापलेला फोटोही. दोन्ही समोर ठेवले. त्याने जुन्या फोटोकडे पाहिलं, मान फिरवली आणि तो पालथा घातला.

"हा नको. यात पडलीय. त्यात उभी हाय."

त्यानंतर काकांना ती दिसली नाही. त्यांनीच मला सांगितलं, तेही सहज, काम करता करता. ते अजून फोटो काढतात. पावसाळ्याआधी एका सरबतवाल्याचं काम होतं, मला बोलावलं होतं. ग्लासाशी बोलणं तसंच चालू आहे, पण मधेच थांबून कॅमेऱ्यातून नुसतेच बघत राहतात. विचारलं, काय बघता? तर म्हणाले, "काही नाही. सवय." मला त्यांच्या आवाजात ते 'काही नाही' फार एकटं वाटलं.

सुगंधाचे दिवस तिच्या भावाने उरणला घातले. इतक्या वर्षांनी घालतात का, असं भावकीत कुणीतरी म्हणालं म्हणे, पण त्याने ऐकलं नाही. काका आणि मी बसने गेलो. विटांचं घर, अंगणात मांडव, आत भिंतीवर फोटो टांगलेला. बाई सरळ दिसावी म्हणून त्याने तो उलटा टांगला होता. त्यामुळे ती नीट उभी होती, पाठीमागे खिडकी, आणि तिच्याभोवतीचा ग्लास मात्र दांडी वर करून आभाळातून लोंबत होता. आतलं कोकम एक थेंबही सांडत नव्हतं. चौकटीला झेंडूचा हार, आणि खाली पाटावर ती नवी साडी, घडी न मोडलेली.

लोक येत होते, हात जोडत होते. उलट्या ग्लासाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मग शेजारची एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, नाकात जड नथ. तिला दोघींनी धरून आणलं. ती सुगंधाबरोबर मिठागरात कामाला जायची, भावाने आम्हाला सांगितलं. म्हातारी फोटोच्या अगदी जवळ गेली, नाक लागेल इतकी, आणि एका डोळ्याने बघत राहिली.

"सुगंधाच गो," ती म्हणाली. मग भावाकडे वळून विचारलं, "कवा काढला रं फोटू?"

भावाने काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते.

"गेल्या साली," भाऊ म्हणाला.

म्हातारीने मान डोलावली. तिला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. "बारीक झाली जरा," ती म्हणाली, आणि खाली बसून साडीवरची माशी हाकलायला लागली.